यीस्टवन वायओ१०: नऊ औषधांची एमआयसी एका प्लेटवर, पण बुरशीचं नाव आधी पक्कं हवं

ब्लड कल्चरच्या बाटलीत यीस्ट दिसलं की वॉर्डातून दोन प्रश्न येतात. कुठलं आहे, आणि कशाला दाद देईल? दुसऱ्याचं उत्तर म्हणजे एमआयसी, बुरशीची वाढ अडवणारं औषधाचं सर्वांत कमी प्रमाण. त्यासाठी जी तयार साधनं मिळतात त्यांत थर्मो फिशरची सेन्सिटायटर यीस्टवन वायओ१० ही प्लेट मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये चांगलीच रुळलेली आहे. हा रिव्ह्यू तिचा. सोबत ग्रेडियंट स्ट्रिप (औषधाची चढती मात्रा बसवलेली, अगारवर ठेवायची पट्टी) आणि व्हायटेक २ या स्वयंचलित यंत्राचं यीस्ट कार्ड यांची तुलनाही आहे, कारण घेणाऱ्याला बहुतेक वेळा या तिघांतूनच निवड करायची असते.

मत आधीच सांगून टाकतो: कँडिडा या यीस्टच्या रोजच्या कामासाठी पाचपैकी चार गुण. उरलेला एक गुण तिघांनी मिळून खाल्ला: अँफोटेरिसिनचे खळगे, कॅस्पोफंजिनचे खळगे आणि जांभळा रंग. तिन्हींबद्दल पुढे सविस्तर.

प्लेटवर काय आहे

खळगे ९६. त्यांत औषधं वाळवून बसवलेली असतात, सोबत अलामार ब्लू नावाने ओळखला जाणारा रेझाझुरिनचा रंग. बुरशी वाढली की निळ्याचा गुलाबी-लाल होतो. औषधाने वाढ अडवली तर निळा तसाच राहतो. खळग्यातला गढूळपणा निम्मा झाला की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणं किती अवघड असतं हे ज्यांनी साधं ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमाच्या खळग्यांत औषध टप्प्याटप्प्याने पातळ करत नेण्याची पद्धत) वाचलं आहे त्यांना ठाऊक आहे. रंगाने ते काम बरंच हलकं होतं.

मांडणी हिशेबी आहे. फ्लुकोनॅझोल ०.१२ ते २५६ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे १२ खळगे. मायकाफंजिन, कॅस्पोफंजिन, व्होरिकोनॅझोल आणि पोसाकोनॅझोल ०.००८ ते ८, प्रत्येकी ११. इट्राकोनॅझोल ०.०१५ ते १६ आणि फ्लुसायटोसिन ०.०६ ते ६४, पुन्हा प्रत्येकी ११. अनिड्युलाफंजिन ०.०१५ ते ८, दहा. अँफोटेरिसिन बी ०.१२ ते ८, सात. बेरीज ९५ होते. उरलेला एक खळगा औषधाविना, तो ग्रोथ कंट्रोल. एकही खळगा वाया गेलेला नाही हे खरं, पण त्याचाच अर्थ असा की निव्वळ ब्रॉथ घालून ठेवायला, म्हणजे स्टरिलिटी कंट्रोलला, प्लेटवर जागाच नाही. ब्रॉथ दूषित आहे का हे प्लेट सांगणार नाही. बुरशी न घातलेला थोडा यीस्टवन ब्रॉथ वेगळ्या नळीत त्याच इन्क्युबेटरमध्ये ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

ही लांबलचक रेंज दिखाऊ नाही. कँडिडा ग्लॅब्राटासाठी सीएलएसआय या अमेरिकी मानक-संस्थेच्या तक्त्यात मायकाफंजिनची सेन्सिटिव्ह मर्यादा ०.०६ आहे आणि ०.२५ पासून रेझिस्टंट. ज्या साधनाची रेंजच ०.०६ पासून सुरू होते त्यावर 'सेन्सिटिव्ह' एवढंच कळतं, ०.०१५ वरून ०.०६ वर सरकलेली, पुढच्या खेपेला रेझिस्टंट होऊ शकेल अशी बुरशी दिसत नाही. एकाच रुग्णाचे लागोपाठ नमुने येत असतील आणि इकायनोकँडिन (मायकाफंजिन, कॅस्पोफंजिन, अनिड्युलाफंजिन यांचा गट) आठवडे चालू असेल, तर हा फरक मोलाचा ठरतो.

आधी नाव

प्लेटवर येणारा आकडा बुरशीच्या नावाशिवाय कवडीमोल असतो, म्हणून हा भाग प्लेटच्या रिव्ह्यूत घेतला आहे. फ्लुकोनॅझोलची एमआयसी १६ आली असं धरा. कँडिडाच्या अल्बिकान्स, ट्रॉपिकॅलिस, पॅराप्सिलोसिस या प्रजातींना ती रेझिस्टंट (मर्यादा ८ आणि वर). ग्लॅब्राटाला तीच एमआयसी 'डोसवर अवलंबून सेन्सिटिव्ह', कारण तिथे ३२ पर्यंत ती श्रेणी आहे आणि ६४ पासून रेझिस्टंट. क्रुसेईला १६ काय नि ८ काय, ती मुळातच फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही. आकडा न छापता रेझिस्टंट लिहायचं. कॅस्पोफंजिन १ हा आकडा अल्बिकान्सला रेझिस्टंट आणि पॅराप्सिलोसिसला सेन्सिटिव्ह, कारण पॅराप्सिलोसिसच्या एफकेएस१ या, इकायनोकँडिनच्या लक्ष्याच्या जनुकात जन्मजात फरक आहे आणि तिच्या इकायनोकँडिन एमआयसी मुळातच चढ्या असतात.

शुद्ध वाढ ही पहिली अट. बाटलीतून थेट प्लेट लावू नये. आधी सॅबोरो (बुरशी वाढवायचं नेहमीचं माध्यम) आणि सोबत क्रोमोजेनिक अगार (प्रजातीनुसार कॉलनीला वेगळा रंग देणारं). क्रोमअगार कँडिडावर ३५ ते ३७ अंशांना ३६ ते ४८ तासांनी अल्बिकान्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस धातूसारखी निळी, क्रुसेई गुलाबी आणि कडा पसरट, केसाळ. फिक्या जांभळट-गुलाबी कॉलनीला नुसत्या रंगावरून ग्लॅब्राटा म्हणू नये. त्या छटेत इतरही बऱ्याच बसतात. क्रोमअगारचा खरा उपयोग दोन प्रजाती एकत्र आहेत का हे बघण्याचा. अल्बिकान्स आणि ग्लॅब्राटा एकत्र येणं मुळीच दुर्मीळ नाही, आणि असं मिश्रण प्लेटवर गेलं की फ्लुकोनॅझोलच्या रांगेत पुसट जांभळा पट्टा दिसतो, जो हुबेहूब ट्रेलिंगसारखा (औषध लागू असूनही रेंगाळणारी पुसट वाढ, पुढे येईल) भासतो. मग वाचणारा तो ट्रेलिंग समजून सोडून देतो आणि ग्लॅब्राटा रिपोर्टमधून गायब होते.

जर्म ट्यूबची चाचणी अजूनही स्वस्त आणि मस्त: अर्धा मिलिलिटर सीरम, कॉलनीचा अगदी किंचित भाग, ३७ अंश, दोन ते तीन तास. जास्त कॉलनी घातली की ट्यूब येत नाही, आणि तीन तासांपुढे ठेवली की ट्रॉपिकॅलिसही नळी काढल्यासारखी दिसते. फरक नळीच्या बुडाशी बघायचा. खऱ्या जर्म ट्यूबला तिथे आवळल्यासारखी खाच नसते. डब्लिनिएन्सिसलाही ट्यूब येते, पण ती ४५ अंशांना वाढत नाही.

माल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वस्तुमानावरून जीव ओळखणारं यंत्र) असेल तर हे काम मिनिटांचं. टार्गेटवरच्या ठिपक्यावर १ मायक्रोलिटर ७० टक्के फॉर्मिक ॲसिड, वाळू द्यायचं, मग मॅट्रिक्स. ब्रुकरच्या यंत्रावर स्कोअर २.० किंवा वर असला की प्रजातीपर्यंत विश्वास ठेवता येतो. यीस्टची भिंत जाड असल्याने फॉर्मिक ॲसिड टाळून चालत नाही. थेट ठिपक्यावर स्कोअर येत नसेल तर इथेनॉल आणि फॉर्मिक ॲसिडचं पूर्ण एक्स्ट्रॅक्शन करावं. अनेकदा ठिपका जाड झालेला असतो, एवढंच. बोट फिरवल्यासारखा पातळ थर पुरतो.

कँडिडा ऑरिसची गोष्ट वेगळी. २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातल्या नमुन्यावरून तिचं वर्णन झालं (ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान), आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशींची प्राधान्ययादी काढली तेव्हा ती सर्वांत वरच्या गटात आली. बायोकेमिकल कार्डं तिला बरोबर ओळखतीलच असं नाही. व्हायटेक २ च्या जुन्या डेटाबेसवर ती हेम्युलोनी किंवा डुओबुशेम्युलोनी म्हणून येते. एपीआय २०सी या बायोकेमिकल पट्टीवर ऱ्होडोटोरुला ग्लुटिनिस म्हणून येते, पण कॉलनीला लाल रंग नसतो. लाल नसलेली ऱ्होडोटोरुला दिसली की थांबावं. ४२ अंशांना वाढणारी, जर्म ट्यूब न देणारी, आणि कार्डावर क्वचितच येणारं नाव मिळालेली कँडिडा माल्डी-टॉफ किंवा आयटीएस या डीएनएच्या भागाच्या सिक्वेन्सिंगशिवाय पुढे पाठवू नये.

नावांच्या बदलानेही गोंधळ वाढला आहे. ग्लॅब्राटा आता नाकासिओमायसिस ग्लॅब्राटस, क्रुसेई म्हणजे पिकिया कुद्रियावझेवी, लुसिटानी म्हणजे क्लाव्हिस्पोरा लुसिटानी. माल्डीच्या यंत्राने नवं नाव दिलं आणि लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रेकपॉइंट (सेन्सिटिव्ह-रेझिस्टंट ठरवणाऱ्या मर्यादा) जुन्या नावाला जोडलेले असले, की एमआयसी येते पण पुढची एस-आर ची जागा कोरी राहते. रिपोर्टवर काही काळ दोन्ही नावं छापणं हाच व्यवहार्य मार्ग.

प्लेट लावताना

सॅबोरोवरची २४ तासांची ताजी वाढ घ्यावी. चार-पाच कॉलन्या निर्जंतुक पाण्यात मिसळून व्हॉर्टेक्स करायच्या, घनता ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचं माप). घनता डोळ्यांनी न ठरवता मीटरवर. मग त्यातले २० मायक्रोलिटर यीस्टवन ब्रॉथच्या ११ मिलिलिटरच्या नळीत. नळी उलटीसुलटी करून मिसळायची आणि प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटर. शेवटी खळग्यांत दर मिलिलिटरला साधारण १,५०० ते ८,००० पेशी असाव्या लागतात.

हे तपासायची सोपी युक्ती आहे आणि ती वगळू नये: भरल्याबरोबर ग्रोथ कंट्रोलच्या खळग्यातून १० मायक्रोलिटर सॅबोरोवर पसरवायचे. दुसऱ्या दिवशी १५ ते ८० कॉलन्या आल्या तर इनॉक्युलम (खळग्यात घातलेल्या पेशींचं प्रमाण) बरोबर. याच प्लेटवर शुद्धताही दिसते. दोन कामं, एक सॅबोरो.

बहुतेक चुका इथेच होतात. पहिली आणि सर्वांत जास्त होणारी: व्हायटेकच्या यीस्ट आयडी कार्डासाठी १.८ ते २.२ मॅकफार्लंडची नळी आधीच तयार असते आणि तीच या प्लेटलाही वापरली जाते. इनॉक्युलम चौपट होतं आणि अझोल गटाच्या (फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल वगैरे) एमआयसी वर सरकतात. दुसरी: २० मायक्रोलिटरचं पिपेट महिनोन्‌महिने कॅलिब्रेट केलेलं नसतं. तिसरी: ऑरिसच्या काही जातींत पेशी गुठळ्या करून राहतात, व्हॉर्टेक्स करूनही तळाशी रवा बसतो. अशा वेळी गुठळ्या खाली बसू द्याव्यात, वरचा एकसंध भाग दुसऱ्या नळीत घेऊन त्याची घनता जुळवावी. चौथी चूक म्हणजे ब्रॉथची. कंपनीच्या ब्रॉथऐवजी लॅबमध्ये बनवलेलं आरपीएमआय (अशा चाचण्यांचं नेहमीचं माध्यम) घालण्याचा मोह होतो, पण रंगाची गती त्या ब्रॉथवर बेतलेली असते. दुसऱ्यात घातलं तर २४ तासांना कंट्रोल लाल होईलच याचा भरवसा नाही.

प्लेट खोलीच्या तापमानाला, फॉइलच्या पाकिटात राहते. फ्रिजची गरज नाही ही मोठी सोय. पाकीट फाटलेलं असेल किंवा आतली ओलावा शोषणारी पुडी रंग बदललेली असेल तर प्लेट टाकून द्यावी. पाकीट फोडलं की त्याच दिवशी वापरावी. चिकट सील लावताना बोटाने प्रत्येक खळग्याची कड दाबावी; कोपऱ्यातले खळगे सुकतात ते सैल सीलमुळे. ३५ अंश, साधा इन्क्युबेटर. कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर नको, माध्यमाची आम्लता बदलते आणि त्याबरोबर अझोलची एमआयसीही. प्लेटांची उंच चळत लावली तर मधल्या प्लेटा उशिरा तापतात.

रंग वाचताना

२४ तासांनी आधी ग्रोथ कंट्रोल बघायचा. तो ठळक लाल नसेल तर बाकी काही वाचू नये, काही तासांनी पुन्हा बघावं. क्रिप्टोकॉकसला ७२ तास लागू शकतात. कंट्रोल लाल झाला की अँफोटेरिसिन आणि इकायनोकँडिनसाठी पहिला निळा खळगा म्हणजे एमआयसी. अझोलसाठी मात्र पूर्ण निळ्याची वाट बघायची नाही. कंट्रोलच्या तुलनेत रंग स्पष्टपणे उतरलेला पहिला खळगा, मग तो जांभळा का असेना, तीच एमआयसी.

आणि इथेच तो गुण कापला गेला. अल्बिकान्स आणि ट्रॉपिकॅलिसच्या काही जातींमध्ये फ्लुकोनॅझोलच्या रांगेत ०.५ पासून २५६ पर्यंत एकसारखा जांभळा दिसतो. हे ट्रेलिंग: औषधाने वाढ जोरात खाली आणली आहे, पण उरलेसुरले जीव रंग बदलत राहतात. याला रेझिस्टंट म्हणणं चूक. वाचायचा तो जांभळ्याचा पहिला खळगा. हीच प्लेट ४८ तास ठेवली तर जांभळ्याचा लाल होतो आणि सेन्सिटिव्ह बुरशी कागदावर रेझिस्टंट बनते. शुक्रवारी लावून रविवारी वाचलेल्या प्लेटांमध्ये हे हमखास घडतं. छटेबद्दल एकमत व्हायला लॅबमधल्या दोन माणसांनी पहिल्या काही प्लेटा एकमेकांना न विचारता वाचाव्यात आणि मग आकडे ताडून बघावेत. खाली पांढरा कागद, वरून एकसारखा उजेड. पिवळ्या दिव्याखाली जांभळा तपकिरी वाटतो.

इकायनोकँडिनच्या रांगेत दुसरा चकवा. खालचे-मधले खळगे निळे आणि शेवटचे दोन-तीन, ४ किंवा ८ वाले, पुन्हा लाल. कॅस्पोफंजिनबरोबर हे जास्त दिसतं. याला पॅराडॉक्सिकल ग्रोथ म्हणतात; एमआयसी खालच्या पहिल्या निळ्या खळग्यावरच वाचायची, रेझिस्टंट लिहायचं नाही. याउलट लाल खळग्यांच्या मध्येच एक निळा आला तर तो बहुधा भरताना सुटलेला खळगा किंवा बुडबुडा. तो सोडून वरची एमआयसी धरावी. असे एकाहून जास्त असतील तर प्लेट पुन्हा लावावी.

कॅस्पोफंजिन आणि अँफोटेरिसिन

कॅस्पोफंजिनच्या एमआयसीत लॅबागणिक फार फरक पडतो, एवढा की युकास्ट या युरोपीय मानक-समितीने तिचे ब्रेकपॉइंटच दिलेले नाहीत. दोष या प्लेटचा एकटीचा नाही. औषधाच्या पावडरपासून वाचण्याच्या पद्धतीपर्यंत कारणं सांगितली जातात. ग्लॅब्राटा आणि क्रुसेईमध्ये नेहमीची एमआयसी ब्रेकपॉइंटच्या इतकी जवळ असते की एका खळग्याची चूक झाली तरी श्रेणी बदलते. म्हणून प्लेटवर तिन्ही इकायनोकँडिन असणं उपयोगी. निर्णय अनिड्युलाफंजिन आणि मायकाफंजिनवर करावा. ती दोन्ही सेन्सिटिव्ह आणि एकटी कॅस्पोफंजिन इंटरमीडिएट किंवा रेझिस्टंट, असा रिपोर्ट तसाच सही करून पाठवू नये, पुन्हा लावावा. तिन्ही वर गेल्या असतील तर प्रकरण खरं असण्याची शक्यता दाट. एफकेएस१ आणि एफकेएस२ च्या हॉटस्पॉटचं (रेझिस्टन्सचे बदल होतात त्या भागांचं) सिक्वेन्सिंग करून घ्यावं. ग्लॅब्राटात एफकेएस२ विसरू नये.

अँफोटेरिसिनचे सात खळगे दिसायला पुरेसे, पण आरपीएमआयसारख्या ब्रॉथमध्ये या औषधाच्या जवळपास सगळ्या एमआयसी ०.२५ ते १ च्या चिंचोळ्या पट्ट्यात दाटीवाटीने बसतात. खरी रेझिस्टंट बुरशी आणि नेहमीची बुरशी यांत एकाच खळग्याचं अंतर राहतं, आणि एक खळगा ही तर या चाचणीची नेहमीची चूक धरलेली आहे. ऑरिससाठी अमेरिकेच्या सीडीसीने सुचवलेली तात्पुरती मर्यादा २ आणि वर अशी आहे. १ आणि २ यांच्या सीमेवरचा निकाल प्लेटवर एकदा लावून ठरवणं धोक्याचं. (त्याच यादीत फ्लुकोनॅझोल ३२, कॅस्पोफंजिन २, अनिड्युलाफंजिन आणि मायकाफंजिन ४.)

ब्रेकपॉइंटबद्दल आणखी एक. ही प्लेट सीएलएसआयच्या पद्धतीशी जुळवलेली आहे. युकास्टच्या पद्धतीत इनॉक्युलम दर मिलिलिटरला ५०,००० ते २,५०,००० पेशी, म्हणजे सीएलएसआयच्या पद्धतीच्या शंभरपट, माध्यमात २ टक्के ग्लुकोज, आणि वाचन ५३० नॅनोमीटरवर यंत्राने. दोघांचे तक्तेही वेगळे. यीस्टवनचा आकडा युकास्टच्या तक्त्यात घालणारे रिपोर्ट दिसतात. ती सरळसरळ सरमिसळ आहे. पोसाकोनॅझोल, इट्राकोनॅझोल आणि अँफोटेरिसिनला सीएलएसआयने कँडिडासाठी ब्रेकपॉइंट दिलेले नाहीत. तिथे फार तर एपिडेमिऑलॉजिकल कटऑफ (रेझिस्टन्स न कमावलेल्या नेहमीच्या जातींच्या एमआयसीची वरची हद्द) वापरून 'वाइल्ड टाइप' किंवा 'नॉन-वाइल्ड टाइप' असं लिहिता येतं, एस किंवा आर नाही.

क्वालिटी कंट्रोल

एटीसीसी या जीवसंग्रहातल्या दोन जाती पुरतात: पॅराप्सिलोसिस एटीसीसी २२०१९ आणि क्रुसेई एटीसीसी ६२५८. सीएलएसआयच्या तक्त्यात २४ तासांना फ्लुकोनॅझोलची पट्टी २२०१९ साठी ०.५ ते ४ आणि ६२५८ साठी ८ ते ६४. प्लेटसोबतच्या पत्रकात दिलेल्या पट्ट्या आधी बघाव्यात. दोन्ही जाती पट्टीत बसूनही दर वेळी वरच्या टोकालाच येत असतील तर इनॉक्युलम किंवा वाचणारा डोळा यांपैकी एक सरकलेला आहे. पट्टीबाहेर जाईपर्यंत थांबायचं कारण नाही. नवा लॉट आला की रुग्णाचा नमुना लावण्यापूर्वी हे करायचं, आणि गोठवलेल्या साठ्यातून दर महिन्याला नवी कल्चर काढायची, जुन्यावरूनच पुढे-पुढे नेत राहायचं नाही.

स्ट्रिप घ्यावी की कार्ड

ग्रेडियंट स्ट्रिपचं बलस्थान अँफोटेरिसिन. अगारवर त्याच्या एमआयसी जास्त पसरतात, त्यामुळे रेझिस्टंट वेगळी दिसते. माध्यम आरपीएमआय अगार, मॉप्स बफरसह, २ टक्के ग्लुकोज, जाडी ४ मिलिमीटर; पातळ ओतलं की एलिप्स (स्ट्रिपभोवतीचा वाढ नसलेला लंबगोल) फसवा मोठा येतो. ०.५ मॅकफार्लंडचा स्वॅब तीन दिशांनी, मग १० ते १५ मिनिटं पृष्ठभाग कोरडा होऊ द्यायचा. ओल्यावर ठेवलेल्या स्ट्रिपखाली औषध कसंही पसरतं, आणि एकदा टेकलेली स्ट्रिप सरकवायची नाही. थंड पाकीट लगेच उघडलं तर स्ट्रिपवर दव धरतं, म्हणून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. वाचताना अँफोटेरिसिनला पूर्ण स्वच्छ कड, अझोलला ८० टक्के वाढ थांबलेली जागा; आतल्या बारीक कॉलन्यांचं धुकं सोडून द्यायचं. स्ट्रिपवर अधले-मधले आकडे असतात, ते वरच्या दुपटीच्या आकड्याला न्यायचे: ०.७५ चा १, आणि १.५ चा २. ऑरिसमध्ये १.५ चा २ केला की निकाल रेझिस्टंटच्या बाजूला जातो, म्हणून ही पायरी विसरणं महागात पडतं.

व्हायटेक २ च्या एएसटी-वायएस०८ कार्डात सहा औषधं आहेत: फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन, अँफोटेरिसिन, फ्लुसायटोसिन. हाताचं काम सर्वांत कमी, आणि माणसाची नजर मध्ये येत नाही, म्हणजे जांभळ्याचा वादच मिटला. पण रेंज आखूड, अनिड्युलाफंजिन नाही, आणि ऑरिसमध्ये अँफोटेरिसिनची एमआयसी खोटी चढी दाखवण्याची त्याची खोड चांगलीच नोंदलेली आहे. कार्डाने ऑरिसला अँफोटेरिसिन रेझिस्टंट म्हटलं तर स्ट्रिपने किंवा ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने खात्री केल्याशिवाय ते औषध रुग्णाच्या हातून काढून घेऊ नये. ऑरिसच्या रुग्णासाठी उरलेली औषधं आधीच मोजकी असतात.

खरेदीचा हिशेब असा. महिन्याला दोन-चारच यीस्ट येत असतील तर फ्लुकोनॅझोल, एक इकायनोकँडिन (मायकाफंजिन किंवा अनिड्युलाफंजिन) आणि अँफोटेरिसिन यांच्या स्ट्रिपा बऱ्या. नऊ औषधांची प्लेट एका आकड्यासाठी फोडणं परवडत नाही आणि डब्यातल्या प्लेटा मुदत संपून जातात. आठवड्याला अनेक येत असतील, ग्लॅब्राटा किंवा ऑरिस जास्त असतील, तर यीस्टवन, आणि सोबत फक्त अँफोटेरिसिनची स्ट्रिप. व्हायटेक आधीपासून असेल तर कार्ड पहिली चाळणी म्हणून ठीक. विचित्र आकडा आला की प्लेट.

प्लेट कुठे वापरू नये

मोल्डसाठी (धाग्यांनी वाढणाऱ्या बुरशीसाठी) ही प्लेट धरू नये. ॲस्परजिलसला सीएलएसआय एम३८ ची वेगळी पद्धत आहे: कोनिडियांचं (बीजाणूंचं) सस्पेन्शन ५३० नॅनोमीटरवर ०.०९ ते ०.१३ घनतेचं, वाचन ४६ ते ५० तासांनी, आणि इकायनोकँडिनसाठी एमआयसीच्या जागी एमईसी, म्हणजे हायफे (बुरशीचे धागे) आखूड, गुठळीदार होतात तो पहिला खळगा. फ्युमिगाटसमध्ये अझोल रेझिस्टन्स आहे का एवढंच बघायचं असेल तर चार खळग्यांची अझोल अगार प्लेट जास्त कामाची: इट्राकोनॅझोल ४, व्होरिकोनॅझोल २, पोसाकोनॅझोल ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि एक कोरा कंट्रोल. औषधाच्या खळग्यात वाढ दिसली की टीआर३४/एल९८एच सारखा जनुकातला बदल शोधायला आणि एमआयसी करायला पाठवायचं. टेरियस असेल तर अँफोटेरिसिनला ती मुळातच दाद देत नाही.

म्युकोरेल्सच्या (म्युकरमायकोसिस करणाऱ्या बुरशींच्या) बाबतीत प्लेटपर्यंत पोचण्याआधीच घात होतो. टिश्यू खलबत्त्यात कुटलं की त्यांच्या रुंद, पडदे नसलेल्या हायफे फुटतात आणि केओएच घालून केलेल्या सूक्ष्मदर्शक तपासणीत दिसूनही कल्चर कोरं येतं. बारीक तुकडे कापून थेट अगारवर ठेवावेत. मलासेझियाला तेल लागतं, ती साध्या आरपीएमआयमध्ये वाढतच नाही. क्रिप्टोकॉकस प्लेटवर वाढते, पण इकायनोकँडिनच्या रांगा तिच्यासाठी निरर्थक, ट्रायकोस्पोरॉनचंही तेच.

रिपोर्टवर काय छापावं

प्लेटवर नऊ आकडे आले म्हणून नऊच्या नऊ वॉर्डात पाठवायचे नसतात. लघवीच्या नमुन्यावर इकायनोकँडिन, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल झाकून ठेवावीत. लघवीत ती उपयोगी पातळीला पोचत नाहीत. सीएसएफ (मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव) किंवा डोळ्यातल्या नमुन्यावर इकायनोकँडिन 'सेन्सिटिव्ह' असं छापलेलं वाचून कोणी ते सुरू केलं तर, तिथेही ते पुरेसं पोचत नसल्याने, प्लेटचा आकडा बरोबर असूनही रिपोर्ट चुकलेला असतो. फ्लुसायटोसिन एकटं दिलं की रेझिस्टन्स भराभर येतो, म्हणून ते मागितल्यावरच द्यावं आणि सोबत दुसऱ्या औषधाची जोड हवी अशी ओळ टाकावी. ग्लॅब्राटाला फ्लुकोनॅझोल 'डोसवर अवलंबून' लिहिलं असेल तर त्याच ओळीत जास्त डोस लागतो हेही लिहावं. नुसती 'एसडीडी' ही तीन अक्षरं रात्रपाळीच्या डॉक्टरला काही सांगत नाहीत.